हप्त्याला चातुर्मास नसतो

प्रश्न : काका, नमस्कार. मी तासगावजवळच्या खेड्यातला, वय 24. सांगलीत एका फोटो स्टुडिओत एडिटिंग करतो, पगार 14 हजार. त्यातले 6 घरी देतो. एसटीचा पास, दुपारचं जेवण, मोबाईल आणि किरकोळ धरून 5 जातात. लग्नसराईत बाहेरच्या फोटोग्राफरांची लग्नं रात्री घरी एडिट करतो. एका लग्नाचे साडेतीन हजार, महिन्याला दोन-तीन होतात. माझा लॅपटॉप सहा वर्षांचा, 8 जीबी रॅमचा. फोर-के फुटेज, म्हणजे जड व्हिडिओ, टाकलं की आचके द्यायला लागतो. वैशाखात याच्यामुळं दोन लग्नं सोडावी लागली. आता 1 लाख 32 हजारांचा गेमिंग लॅपटॉप बघितलाय. शून्य टक्के व्याज, 5,500 चे 24 हप्ते, पैकी 6 आगाऊ, फाइल चार्ज दीड हजार. रोख घेतला तर 1 लाख 23 हजारांना देतो म्हणाला. ऑफर दसऱ्यापर्यंतच आहे. माझ्याकडे 21 हजार साठलेत, वरचे 12 हजार बापूंनी, म्हणजे वडिलांनी, द्यावेत असं वाटतं. बेदाणा विकला की देतील म्हणून विचारलं, तर ते काहीच बोलत नाहीत. आई म्हणते, माझ्या पाटल्या ठेव. घेऊ का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हिशोबासाठी आणि दुसऱ्यांदा 'बापू काहीच बोलत नाहीत' या वाक्यासाठी. बापूंकडे शेवटी येतो, आधी हिशोब बघू.

तू आकडे पूर्ण दिलेस, हे फार बरं केलंस. निम्मी पत्रं 'पगार बेताचा आहे' एवढ्यावरच थांबतात आणि मग मी बेताचा म्हणजे किती ते ओळखत बसतो. शिवाय रोखीचा भाव विचारून आलास. तो नसता तर तुला 'शून्य टक्के' म्हणजे काय ते दाखवता आलं नसतं.

पाटी-पेन्सिल घे. लॅपटॉपची खरी किंमत रोखीची, म्हणजे 1 लाख 23 हजार. त्यातले 33 हजार तू आगाऊ देणार, राहिले 90 हजार. दीड हजार फाइल चार्ज त्याच दिवशी कापला जातो, म्हणजे तुला खऱ्या अर्थानं उसने मिळाले 88,500. त्याबदल्यात 5,500 चे 18 हप्ते, म्हणजे 99 हजार. वरचे साडेदहा हजार कुणाच्या नावावर टाकायचे? वजनाकाट्यावर कितीही वेळा तोललं तरी ते व्याजच भरतं. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर, काढलं तर वर्षाचा दर पडतो साडेचौदा टक्क्यांच्या आसपास. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय. तरी पाट्या लागतात ते लागतातच.

फायनान्सच्या टेबलावर जो पोरगा बसलेला असतो, त्याच्याकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट' माग. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जांना ते द्यावंच लागतं. सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती, हप्ता चुकला तर दंड किती, हे त्यात एका जागी लिहिलेलं असतं. एक्स्टेंडेड वॉरंटी, विमा, कसलंसं कार्ड असं काही हळूच त्यात घातलंय का तेही तिथं कळतं. पोराशी भांडू नकोस, तोही पगारावरच आहे. आणि जीएसटी उतरलाय म्हणून आत्ताच घ्या असं कुणी म्हणालं तर हसून सोडून दे. 22 सप्टेंबर 2025 ला एसी आणि मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीही 18 वर होता, आताही 18 वरच आहे.

आता मी उलटं बोलतोय असं तुला वाटेल. साडेचौदा टक्के हा दर काही गळा कापणारा नाही. आमच्या पतसंस्थेत मी 26 वर्षं कर्ज विभागात काढली. आम्हीही याच आसपास द्यायचो, वर दोन जामीनदार आणि चार चकरा. गावात शेकडा तीन रुपये महिन्यानं घेणारे आजही आहेत. ते वर्षाला 36 टक्के होतात. तेव्हा व्याजानं तू बुडणार नाहीस. मला भीती वाटते ती कॅलेंडरची.

तुझ्या पगारातून सगळं जाऊन उरतात 3 हजार आणि हप्ता 5,500 चा. वरचे अडीच हजार रात्रीच्या कामातून यायचे. आता रात्रीचं काम कधी असतं ते आठव. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. मार्गशीर्ष बरा जातो, पौषात मंदी, माघ-फाल्गुनात पुन्हा उठाव, चैत्र-वैशाख-ज्येष्ठात जेवायला फुरसत नाही आणि आषाढीनंतर चार महिने शुकशुकाट. हे दर वर्षीचं झालं. पण 2026 चं पंचांग उघडून बघ. ज्येष्ठ अधिक आहे. 17 मे ते 15 जून लग्नाला मुहूर्त नाही. म्हणजे तुझ्या धंद्याचा ऐन मलईचा महिना गेला. पुढं निज ज्येष्ठात थोडं काम होईल, की 25 जुलैला आषाढी, आणि तिथून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुन्हा काही नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे मिळतात, एडिटरला काही मिळत नाही.

त्यात तुमच्या लाइनीचा रिवाज असा की फोटोग्राफर पैसे देतो तो पार्टीनं अल्बम उचलल्यावर. एप्रिलमधल्या लग्नाचे साडेतीन हजार हातात येईपर्यंत जुलै उजाडतो, आणि काहींचे दिवाळीपर्यंत लोंबकळतात. तू लिहिलं नाहीस, पण अशी दोन-तीन येणी आजही असतील.

हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जातो. त्याला अधिक मास नसतो आणि चातुर्मासही नसतो. खात्यात पैसे नसले की बँक परतीचा दंड लावते, फायनान्सवाला त्याचा वेगळा लावतो. आणि ती नोंद सिबिलला जाऊन बसते. 24 व्या वर्षी बसलेली नोंद पुढं तू स्वतःचा स्टुडिओ काढायला कर्ज मागशील तेव्हा आडवी येते.

एक प्रसंग सांगतो. यात चूक माझीच होती. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या दारातच, एका नवराबायकोनं झेरॉक्सचं दुकान घातलं. मशीनचं कर्ज मी मंजूर केलं होतं. जागा एक नंबर, माणसं कष्टाळू, जामीनदार भक्कम. पहिले सहा महिने हप्ता तारखेच्या आधी. मे महिन्यात थकला, जूनमध्येही थकला, म्हणून मी वसुलीला गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत मशीनवर चौकड्याची चादर घातलेली आणि तिच्यावर कुरडया वाळत ठेवलेल्या, पंख्याखाली. बाईंनी कुरडयांचं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि तिथंच माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. म्हणाल्या, "साहेब, कॉलेजला सुट्टी आहे. पोरं नाहीत तर झेरॉक्स कोण काढणार?"

हे मला मंजुरीच्या दिवशी दिसायला हवं होतं. सुट्टी काही अचानक लागली नव्हती. मी समान मासिक हप्ते टाकून सही केली, कारण छापील फॉर्मवर तेवढीच जागा होती. त्यांनी पुढं सगळं फेडलं, पण त्यासाठी बाईंची बोरमाळ गेली. म्हणून तुझ्या हप्त्यांचा तक्ता बघितला की मला ती चादर दिसते.

तर तुला मशीन नकोच का? हवं. दोन लग्नं सोडलीस म्हणजे सात हजार गेले, शिवाय ते फोटोग्राफर आता दुसऱ्याकडं जातील. काम आहे आणि हत्यार नाही, अशा वेळी कर्ज काढणं मला चुकीचं वाटत नाही. फक्त एवढं विचार : ती दोन लग्नं 1 लाख 32 हजारांच्या मशीनअभावी गेली की चालणाऱ्या मशीनअभावी गेली?

मला यातलं काही कळत नाही, म्हणून मिरजेच्या माझ्या भाच्याला विचारलं. तो आठ वर्षं हेच करतो. त्याचा पहिला प्रश्न होता, "मामा, त्याला लॅपटॉप कशाला? तो काय मांडवात बसून एडिट करणार आहे?" त्याचं म्हणणं असं की गेमिंग लॅपटॉपमध्ये निम्मे पैसे पडद्याचे, दिव्यांचे आणि उचलून नेण्याच्या सोयीचे असतात. ग्राफिक्स कार्डाचं नाव डेस्कटॉपच्या कार्डासारखंच असलं तरी लॅपटॉपमध्ये त्याला वीज कमी मिळते, म्हणून ते दमानं चालतं. रात्री घरीच बसून काम करायचं तर असेम्बल केलेला डेस्कटॉप. प्रोसेसर इंटेलचा 12 व्या पिढीचा आय-फाइव्ह, पण नंबरामागं 'एफ' नसलेला. 'एफ'वाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, आणि आजच्या कॅमेऱ्यांचं दाबून भरलेलं फुटेज उलगडायला तेच उपयोगी पडतं. 16 जीबी रॅम आज, पण पुढं वाढवायला रॅमचे दोन खाचे मोकळे राहतील असा मदरबोर्ड. एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. ग्राफिक्स कार्ड मधलं. हे सगळं साध्या मॉनिटरसकट 65 हजारांत बसव, भाव रोज हलतात म्हणून तीन दुकानांची कोटेशनं घे, असं त्याचं सांगणं.

तोवर जुन्या लॅपटॉपवर एक कर, असंही म्हणाला : प्रॉक्सी. फोर-के फुटेजची हलकी, बारीक नक्कल करायची, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटी बाहेर काढताना मूळ फुटेज जोडायचं. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या आवृत्तीतही ही सोय आहे. रेंडरला रात्र लागेल, लागू दे. रात्री लॅपटॉप जागा राहील, तू झोप. स्टुडिओत राहून तुला हे माहीत असेलच. पण माहीत असून केलं नसशील, तर या मार्गशीर्षात एक लग्न तसं काढून बघ. कॉर्पोरेट ऑफिसातून निघालेली जुनी वर्कस्टेशनंही मिळतात. घेणार असशील तर 8 व्या पिढीचं किंवा त्याच्या अलीकडचं बघ. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 8 व्या पिढीआधीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज 11 नियमानं बसत नाही.

आता पैशाचं. 65 हजारांतले 15 तुझे घाल. 21 चे 21 मशीनमध्ये ओतायचे नाहीत, 6 हजार खात्यात हात न लावता राहू देत. राहिले 50. ते छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्ज योजनेतल्या 'शिशु' गटात बसतात, 50 हजारांपर्यंत, तारण लागत नाही. त्यासाठी तू नोकरदार म्हणून नाही, एडिटिंगचा व्यवसाय करणारा म्हणून जायचंस. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, कर. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. पाचशे रुपये मागणाऱ्या एजंटाला देऊ नकोस. मग मशीनचं जीएसटीसह कोटेशन, बँकेचं सहा-बारा महिन्यांचं स्टेटमेंट, दोन-तीन फोटोग्राफरांकडून काम दिल्याच्या साध्या चिठ्ठ्या, आणि ज्या शाखेत पगार जमा होतो तीच शाखा. सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवरूनही कर्जाचा अर्ज करता येतो. ऑनलाइन केलास तरी शाखेत तोंड दाखवून ये. मॅनेजर पहिल्या खेपेला 'बघू' म्हणेल. तो नकार नसतो, मीही तसंच म्हणायचो.

दर 11-12 टक्के धरला आणि तीन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता येतो सोळाशे-सतराशेच्या घरात. तुझ्याकडं पगारातून उरतात 3 हजार. म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकही लग्न आलं नाही तरी हप्ता पगारातूनच जातो. मी एवढ्या एकाच गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय. सराईचे पैसे आले की मुद्दलात टाक, कर्ज लवकर संपव.

एक बारीक गोष्ट : रात्रीच्या कामाचे पैसे रोखीनं घेत असशील तर ते बंद कर. मोबाईलवर घे. साडेतीन हजार रोख घेतले की खिशात मोडतात आणि बँकेला दिसत नाहीत. खात्यावर आले की तीच तुझी कमाईची वही. आणि स्टुडिओच्या मालकाच्या कानावर घाल. सांगली लहान आहे, त्यांना दुसऱ्याकडून कळेल.

मुद्रा जमलंच नाही तर आईच्या पाटल्या. यावर माझं मत तुला विचित्र वाटेल. हंगामी कमाईच्या माणसाला सोनेतारण खरं तर चांगलं बसतं. बऱ्याच बँकांत वर्षाच्या आत एकरकमी फेडता येतं, म्हणजे महिन्याची तारीख मानगुटीवर नसते. पण त्याच सोयीनं लोक वर्षभर काहीच भरत नाहीत आणि शेवटी व्याज भरून पुन्हा नवं करत बसतात. घेणारच असशील तर राष्ट्रीयीकृत बँकेत, 30 हजारांच्या वर नाही, आणि वैशाखातल्या पहिल्या पैशात सोडवायच्या. आणि आईला 'तुझ्या पाटल्या' न म्हणता पावती तिच्या हातात दे, तिनं ती डब्यात ठेवावी.

राहिले बापू.

मेमध्ये पाऊस लागला तो हटलाच नाही, तुझ्या दारातली गोष्ट आहे. एप्रिलात द्राक्षबागेची खरड छाटणी झाल्यावर काडीत सूक्ष्म घड धरायचे ते नेमके ऊन लागायचे दिवस. तेव्हा आभाळ भरलेलं. आता ऑक्टोबर छाटणी होईल, पण घड किती निघतात ते डोळे फुटल्यावर, पंधरा-वीस दिवसांनी दिसणार. म्हणजे बापूंना आज स्वतःलाच माहीत नाही की बागेत पुढल्या वर्षी माल आहे की नुसता पाला. गेल्या सालचा बेदाणा कोल्ड स्टोअरेजला असेल तर तो त्यांनी भाव बघत धरलाय, आणि त्या पैशावर सोसायटीचं पीक कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी आणि नव्या फवारण्या अशी रांग आहे. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर बिनव्याजी पडतं. मुदत टळली की ती सवलत जाते. तुझे 12 हजार त्या रांगेत मध्येच घुसले तर कुठं काय अडेल, ते बापू मनात मोजत असणार. नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं आणि हो म्हणता येत नाही.

म्हणून दसऱ्याची ऑफर जाऊ दे. दिवाळीला येते, पाडव्याला येते, 26 जानेवारीलाही येते. छाटणी होऊ दे. घड दिसले की एका संध्याकाळी बापूंबरोबर बागेत जा. मोबाईलवरचा आकडा दाखवू नकोस, वहीच्या कागदावर लिहून ने : 15 माझे, 50 बँकेचे, हप्ता सतराशे, पगारातून जाणार. त्यात त्यांच्या नावापुढं काहीच लिहायचं नाही. कागद त्यांच्या हातात दे आणि काड्या बघत थोडा पुढं चालत राहा.

ता. क. : भाचा आत्ताच फोनवर ओरडला की यूपीएस आणि बाहेरची हार्ड डिस्क सांगितली का? दोन्ही 65 मध्येच बसव, लागलं तर ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घे. पावसाळ्यात तुमच्याकडं वीज किती वेळा जाते ते तुला माहीत आहे, आणि कुणाच्या तरी लग्नाचा डेटा एकाच डिस्कवर ठेवून ती गेली, तर त्या घरासमोरून तुला पुन्हा जाता येणार नाही.